कॅनॉल न ओलांडण्याचा नेम

अक्का, तू गेलीस त्या दुपारी मी गवार निवडत होते. हणमंताचा फोन आला. "काकी, आई गेली," एवढंच तो म्हणाला. मी "बरं" म्हणाले. चाळीस वर्षं सोबत काढलेली जाऊ गेल्यावर कुणी बरं म्हणतं का? मी म्हणाले. फोन ठेवला, उरलेली गवार निवडून संपवली, देठं कागदात गुंडाळून टाकली आणि मग आतल्या खोलीत जाऊन ह्यांना उठवलं. तुझा धाकटा दीर लहान पोरासारखा रडायला लागला, तेव्हा मी त्यांच्यासाठी इस्त्रीचा शर्ट शोधत होते.

इंदापूरहून शेळगावला पोहोचलो तर तुझ्या पायाशी बायकांनी हंबरडा फोडला होता. मी पदर खोचला आणि शेजारणीनं आणलेला चहा वाटायला लागले. पुढं दहा दिवस मी तेच केलं. आल्यागेल्याला चहा, कपबशा विसळणं, परत चहा. भावकीतली एक बाई माझ्या पाठीमागं म्हणाली, "बाईंना कायच वाटंना झालंय जनू." मी ऐकलं आणि पातेल्यात आलं किसून घातलं. तिचं चुकलं नव्हतं. दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल आपला राहत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं. आज सतरा दिवस झाले, अजून बरंचसं तसंच आहे.

एक गोष्ट आपल्या दोघींनाच ठाऊक होती. आता ती मला एकटीला ठाऊक आहे आणि मला ते सोसत नाही, म्हणून लिहायला बसलेय. चारचौघांत मी तुला "तुमी" म्हणायचे, थोरली जाऊ म्हणून. चुलीपाशी दोघीच असलो की "तू" व्हायचं. तू मला कायम "मास्तरीण" म्हणालीस, माझं नाव तुला आठवत होतं की नाही कोण जाणे. इथं मी तूच म्हणते.

मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा मी वरकुट्याच्या शाळेवर होते. शाळा अकराला, त्याआधी पाणी. गावातल्या आडाचं पाणी उन्हाळा लागला की मचूळ व्हायचं. गोडं पाणी कॅनॉलपलीकडच्या विहिरीचं. शेतं पलीकडं, विहीर पलीकडं, बारामतीचा रस्ता पलीकडं. घर, देऊळ, माझी वरकुट्याची शाळा आणि इंदापूरचा रस्ता तेवढा अलीकडं. सकाळी पुलावरून तीन खेपा केल्या की माझी शाळेला जायची वेळ व्हायची. सासूबाईंचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. बाळंत झाल्यावर आठवड्यात मेंढरांचा तळ हलला आणि पोराला पाटीत घालून मी चालायला लागले, असं त्या ज्याला त्याला सांगायच्या. त्यांच्या लेखी पाचवा महिना म्हणजे दुखणंही नव्हतं आणि सबबही नव्हती.

एका सकाळी पुलावर माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. कठडा धरून मी खाली बसले आणि डोक्यावरची पितळेची कळशी कॅनॉलात गेली. घरी आले तर सासूबाईंनी आधी कळशीचं विचारलं. तू सोप्यात जोंधळे पाखडत होतीस. सूप न थांबवता, मान वर न करता तू म्हणालीस, "आत्याबाई, कळशी गेली ती बरंच झालं. पाण्यानं कळशीवर भागवलं."

"म्हंजी?" सासूबाईंनी विचारलं.

"आमच्या म्हायेराला पोटुशी बाई कॅनॉल वलांडत न्हाय. नदी आपल्या वाटंनं जाती. ह्ये पाणी माणसानं बळंच वळवून आणलंय. ते पोटुशीचं पोट बी वळीवतं, असं आमची आजी म्हनायची."

अक्का, तुझं माहेर कोरड्या माळावरचं. तिथं कॅनॉल कुठला, ओढ्याला पाणी दिसलं तर लोक बघायला जायचे. तुला मागणी घालायला सासूबाई स्वतः त्या माळावर गेल्या होत्या, त्यांनी सगळं डोळ्यांनी बघितलं होतं. तरी त्यांच्या मनात ते आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून माझ्या तीन खेपा तुझ्या डोक्यावर गेल्या.

संध्याकाळी गोठ्यात मी तुला विचारलं, "आजी खरंच म्हणायची का गं?"

"आजी मी बघितलीच न्हाय," तू म्हणालीस. "माझ्या जन्माआधीच गेली ती."

तोंडात पदर कोंबून आपण दोघी हसलो. म्हैस दचकून मागं सरकली. तेवढंच होतं ते, एका बाईला पाण्यातनं सोडवायला दुसरीनं मारलेली थाप. चार महिन्यांनी मी बाळंत होईन आणि विषय संपेल, असं आपल्याला वाटलं होतं.

पण त्याच वर्षी भावकीतल्या एका सुनेचं चौथ्या महिन्यात पोट पडलं. ती रोज खुरपायला पलीकडं जायची. सगळ्याच जायच्या, पण आता तिचं जाणं तेवढं सगळ्यांना आठवलं. सासूबाईंनी गावभर केलं, "आमच्या थोरलीनं आधीच सांगितलं व्हतं." बायका तुला येऊन विचारायला लागल्या, कितव्या महिन्यापासून? पाय भिजले तर? पलीकडनं आणलेलं पाणी चालतं का? तू उत्तरं देत गेलीस, दुसरं काय करणार होतीस? आणि एका रात्री स्वयंपाकाला बसल्यावर मला म्हणालीस, "मास्तरीण, माझ्या तोंडातनं निघालं म्हणून तर झालं नसंल?" मी तुला रक्त कमी असणं म्हणजे काय ते समजावलं. पाठ्यपुस्तकात असतं तसं, एकेक मुद्दा घेऊन. तू सगळं ऐकलंस, मान डोलावलीस आणि देवापुढं जाऊन नाक घासलंस.

मग तो नेम आपला राहिलाच नाही. ज्या सुनांचं माहेर पलीकडं, त्यांच्या आया बाळंतपणाला इकडं यायला लागल्या. दवाखान्याला बारामती बंद, इंदापूर सुरू. आणि सगळी बाळंतपणं इंदापुरातच झाल्यावर इंदापूरच आपल्या घराण्याला धार्जिणं आहे असं म्हणायला लोक मोकळे. दहा वर्षांत आपल्या घराचा नेम सगळ्या भावकीचा झाला. वीस वर्षांत तो "पूर्वीपासनं" झाला. एकदा लग्नात एक म्हातारा मला समजावून सांगत होता, मेंढरं घेऊन आपले वाडवडील फिरायचे तेव्हापासून हा नेम आहे. मी म्हणाले, "आबा, तेव्हा कॅनॉल तरी होता का?" त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू शिकून बाईचं डोकं फिरलंय.

शाळेत मी चौथीला "आपल्या गावची नदी" असा निबंध द्यायचे. निम्मी पोरं कॅनॉलवर लिहायची. बाळांनो, ही नदी नव्हे, हा माणसांनी खणलाय, कुदळ-फावडं घेऊन, असं मी दरवर्षी सांगायचे. पोरं बघत राहायची. त्यांच्या आज्यानं तो बघितलेला, पणज्यानं बघितलेला, काठाला करंजाची जुनी झाडं. मग नदी नाही तर काय? मी फळ्यावर धरण काढायचे, त्यातून निघणारी रेघ काढायचे. आणि घरी आल्यावर तुझ्या-माझ्या रेघेबद्दल तोंड मिटून बसायचे.

आपण भांडलो नाही असं नाही. मी तुला किती वेळा म्हणाले, आता पुरे झालं, सांगून टाकू. तुझं उत्तर ठरलेलं होतं. "सांग की. उद्या सकाळी सगळ्या पोटुश्या हंडं घिऊन पुलावर. तुला बघवंल?" मला बघवणार नव्हतं. त्या नेमामुळं या गावात पोटुशी बाई सहा-सात महिने पाण्याला जात नव्हती, खुरपायला जात नव्हती, सावलीत बसून दोन घास जास्त खात होती. कुठल्या भाषणानं हे झालं नसतं. मी हरायचे आणि रागानं भाकऱ्या जाड थापायचे.

मग नळ आले. दारात पाणी आलं, हंडे माळ्यावर गेले, शेतात ट्रॅक्टर आला. हंडा गेला, नेम तेवढा राहिला. मी परत म्हणाले, "अक्का, आता तर सांग." तेव्हा तू गप्प बसलीस. ती गप्प बसण्याची वेळ मला आजही कुठल्याही भांडणापेक्षा जास्त आठवते, कारण तेव्हा आत माजघरात संगीता होती, आणि तोवर तिचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

संगीता म्हणजे तुझी सून, हणमंताची बायको. माहेर कॅनॉलपलीकडं, सांगवीला. तिला पाचवा महिना होता तेव्हा तिच्या पाठच्या बहिणीचं लग्न निघालं, सांगवीलाच. तिचे वडील दोनदा येऊन गेले. दुसऱ्या खेपेला ते हात जोडून म्हणाले, "विहीणबाई, अक्षता टाकून लगीच आणून सोडतो." तू भिंतीकडं बघून म्हणालीस, "आमच्यात चालत न्हाय." लग्नाच्या दिवशी संगीता नवं लुगडं नेसून बाहेरच्या ओट्यावर बसली, दुपारपर्यंत, पुलाच्या दिशेला तोंड करून. मी तुला गोठ्यात ओढत नेलं. मी तुला नाही नाही ते बोलले. तुझी थाप तुझ्या घशात अडकली आहे आणि ती पोर त्यात मरतेय, असंही बोलले. तू म्हणालीस, "आन् काय झालंच तिच्या पोटाला तर? मग तू सांगशील का तिच्या बापाला, का मी सांगू?" त्याच सुट्टीत आम्ही इंदापूरला बिऱ्हाड केलं. लोकांना वाटलं, नोकरीसाठी केलं.

पुढं मी विषय काढला की तू एवढंच म्हणायचीस, "आता सांगून संगीताला काय तोंड दावू?" ते खरं होतं. आणि तुझ्या-माझ्यापेक्षा हा नेम कुणी कडक पाळला असेल तर तो संगीतानं. भावकीतली कुठली पोरगी जरा कुरकुरली की संगीता पुढं व्हायची. मला तिचा राग यायचा. आता येत नाही.

आता पूजाचं सांगते. तुला माहीत आहेच, पण शेवटचे दिवस तू झोपूनच होतीस, तेव्हा किती कळलं असेल ठाऊक नाही. तुझ्या नातसुनेला चौथा लागलाय. ती रक्त-लघवी तपासायचं शिकलेली पोरगी. बारामतीत एका लॅबमध्ये तिला काम मिळालं, तिथल्या मॅडमना तिनं दिवस असल्याचंही सांगितलं, त्यांनी चालेल म्हटलं. सोमवारी हजर व्हायचं. तुझा तेरावा शनिवारी. सोमवारी नाही आली तर दुसरी मुलगी तयार आहे, असं त्यांनी साफ कळवलं होतं. आणि पूजानं घरात कुणी काही बोलायच्या आधीच ठरवून टाकलं होतं की नाही म्हणून कळवायचं.

दशक्रियेला पुरुष घाटावर जाऊन आले ते एकच सांगत आले, कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून मागं सरकतायत तोवर शिवला. अक्कांची काही इच्छा राहिली नव्हती, सगळे म्हणाले. मी चहा ओतत होते. मला माहीत होतं तुझं काय राहिलं होतं ते. मी किटली खाली ठेवली आणि सोप्यात सगळ्यांसमोर सांगून टाकलं. कळशी, जोंधळे, न बघितलेली आजी, गोठा, सगळं. चाळीस वर्षं तोंडात धरलेलं दोन मिनिटांत संपलं.

मग हणमंत हळू आवाजात म्हणाला, "काकी, तुमी दहा दिवस रडला न्हाय. मनावर घेतलंय तुमी."

"मी शुद्धीवर आहे, हणमंता."

"आईच्या मनात असलं कायतरी दडवलेलं असतं, तर कावळा लगीच शिवला असता व्हय?"

कोपऱ्यातले आबा, तेच लग्नातले, आता काठी टेकून बसतात, ते म्हणाले, "थोरलीला वाटलं आसंल आपून थाप मारतोय. पर तिच्या तोंडनं कोण बोललं ते तिला तरी कुठं ठावं? देव असंच बोलतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. ते वाक्य त्यांना इतकं बरं वाटलं की चहा परत फिरायला लागला.

संगीता उठून माझ्यासमोर आली. तिचा आवाज चढला नाही. "काकी, माझी भैन बोहल्यावर उभी व्हती तवा मी हितं ओट्यावर बसले व्हते. आता तुमी म्हंता, ते उगाच व्हतं." मी तिच्याकडं बघू शकले नाही. "न्हाय ना? मग असं परत बोलू नका," ती म्हणाली आणि आत गेली.

तर अक्का, तुझ्याशी आयुष्यभर ज्या खऱ्यासाठी भांडले, ते खरं असं सोप्यात पडलं आणि कुणी उचलायला वाकलंही नाही. मी शिक्षिका होते. मला वाटायचं, नीट सांगितलं की माणसाला कळतं.

संध्याकाळी पूजा मागच्या दारी भांडी घासत होती. मी विसळायला बसले. ती म्हणाली, "धाकट्या आजी, मला पटलं तुमचं. मी शिकलेय, मला कळतं की पाण्यानं काही होत नाही. पण पुलाजवळ गेलं की पोटात कसंतरी होतं. खरंच होतं."

"मनाचं असतं ते."

"मनाचंच आहे. पण होतं पोटात." तिनं तवा उलटा केला. "तुम्ही दुसऱ्या वेळी पलीकडच्या शाळेवर होतात ना? तेव्हा तुम्ही ओलांडत होता?"

आता मी तुला ते सांगते, जे मी तुला जिवंतपणी सांगितलं नाही. दुसऱ्या वेळी दिवस गेल्याचं कळलं त्या दिवशी मी शाळेतून एसटीनं परत आले, पूल लागला, आणि मी डोळे मिटून दोन्ही हात पोटावर धरले. मी! जिच्यासमोर ती थाप बनली ती मी. दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज पाठवला. हेडमास्तरांना कळवलं, रक्तदाब आहे. तुला म्हणाले, एसटीचे धक्के सोसत नाहीत. तू म्हणालीस, "बरं केलंस," आणि माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिलीस. बाळंत होईपर्यंत मी पुलाकडं गेले नाही. त्या भावकीतल्या सुनेचा पांढराफटक चेहरा मला दिसायचा. मीच तुला रक्त कमी असण्याचे मुद्दे सांगितले होते, आणि एकही मुद्दा माझ्या उपयोगाला आला नाही.

"नाही," मी पूजाला सांगितलं. "मी भ्याले."

तिनं राखेचा हात धुतला, भांड्यांची पाटी उचलली आणि आत गेली. मला वाटलं, संपलं. जिच्यासमोर थाप बनली तीच भ्याली, तर तिसरी पिढी कशाला पाऊल टाकेल? दुसऱ्या दिवशी ती फोन हातात घेऊन बसलेली मी बघितली. तिनं मॅडमना अजून कळवलं नव्हतं, एवढंच.

तीन दिवस मी चहा केला. तेराव्याला जेवणं उरकली, पानं उचलली, भावकी सुपारी खात बसली. तुझा फोटो पाटावर, हार घालून. आणि अक्का, मी खोटं बोलले. ठरवून बोलले. मान वर केली नाही. समोर तांदळाचं ताट होतं, त्यात बोट फिरवत बोलले.

म्हणाले, "परवा माझं चुकलं. मी अर्धंच सांगितलं. गेल्या दिवाळीत अक्का मला काय म्हणाल्या ते सांगायचं राहिलं. म्हणाल्या, 'मास्तरीण, हा नेम ह्या घरात मी आणला, तो माझ्यासंगं जाऊ दे. संगीतानं सख्ख्या बहिणीच्या अक्षता सोडल्या. एवढं ह्या कुळात कुणी पाळलं न्हाय. तिच्यावर नेम पुरा झाला. तिच्या मागनं येणाऱ्या पोरींना तो लागू न्हाय.'"

संगीताचं नाव घेतलं आणि माझा आवाज फुटला. तिथं, त्या खोट्या वाक्यावर, मला रडू आलं. गवार निवडताना आलं नाही, तुला उचललं तेव्हा आलं नाही. हे वाक्य तू खरंच म्हणायला हवं होतंस, अक्का. वीस-पंचवीस वर्षांत कधीही, तव्यावर भाकरी टाकता टाकता म्हणायला हवं होतंस. मी हुंदके देऊन रडले, तेरा दिवसांचं एकदम. आणि माझं रडू बघून सगळ्यांना ते खरं वाटलं.

आबांनी काठी आपटली. "म्हनून तर कावळा लगीच शिवला. सुनंवर पुरं करून गेली थोरली." हणमंतानं तुझ्या फोटोला हात जोडले. एकानंही विचारलं नाही की मग परवा का नाही सांगितलं.

संगीता माझ्याजवळ येऊन बसली. "आई असं म्हनाल्या?"

"व्हय."

"माझं नाव घिऊन?"

"तुझंच नाव घेऊन."

तिनं पदर डोळ्यांना लावला आणि मग काढलाच नाही. दारात पूजा उभी होती, हातात विड्यांचं तबक. तिनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं, अक्का. तीन दिवसांपूर्वीच तिनं माझ्याकडून खरं ऐकलं होतं, ती काही भोळी नाही. मी खोटं बोलतेय हे तिला कळलं होतं, आणि तरी तिचे खांदे खाली आले, श्वास सुटला. हे कसं होतं ते मला कुणी फळ्यावर काढून दाखवावं.

सोमवारी संगीता स्वतः तिला सोडायला निघाली. दोघी सकाळच्या एसटीनं गेल्या. मी ओट्यावरून पुलापर्यंत गाडी बघितली, मग ती करंजाच्या आड गेली. काही झालं नाही. पुलाखाली पाणी होतं, रोज असतं तसं. संगीता पूजाला लॅबवर सोडून परत फिरली नाही. आलेच आहे तर बहिणीकडं जाऊन येते, असं हणमंताला फोनवर म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत सांगवीत राहिली.

तू आता हसशील. मंगळवारी भावकीतली एक पोटुशी सून तिच्या सासूला घेऊन आली. तुझ्या फोटोपुढं खण-नारळ ठेवला, ओटी भरल्यासारखा, आणि मग पलीकडं गेली. सासू मला विचारत होती, असं एकदाच करायचं, का दर खेपेला? मी म्हणाले, एकदाच. तिनं परत विचारलं, फक्त पहिल्या पोटाला, का प्रत्येक? मी उत्तर देत गेले. तुला बायका विचारायच्या तेव्हा तू कशी उत्तरं द्यायचीस ते मला आत्ता कळलं. तुझ्या जागी बसल्यावर सगळी उत्तरं आपोआप तोंडात येतात, आणि भीती वाटते.

पुन्हा कुणा पोरीला तुझ्या फोटोपायी अडवलं गेलं, तर त्याची जबाबदारी माझी. हे लिहून ठेवतेय. मी मेल्यावर पूजाला सापडेल असं ठेवीन, मग ती काय ते करेल.

पहिल्या दिवशी लॅबमधून तिचा फोन आला होता. जेवणाच्या सुट्टीत. "पोहोचले, काम सुरू केलं, डबा खाल्ला," असं सगळं सांगितलं. मग म्हणाली, "थँक्यू, आजी." कशाबद्दल ते तिनं सांगितलं नाही. मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या पोरीनं थँक्यू दोन दिवसांत म्हटलं. मला तुझ्यापाशी चाळीस वर्षं होती अक्का, आणि मी तुझ्याशी त्याच थापेवरून भांडत राहिले.